लेथताईची पाणसळ

"कागद फाटलाय, ताई."

"मग दुसरा चिकटव."

"चिकटवायचा प्रश्न नाहीये. भेगेवर कागद लावला होता मी. कुणाचा हात लागला नाही, वारा लागला नाही, आणि तो मधोमध फाटलाय. भिंत हलल्याशिवाय कागद फाटतो का?"

"खळ वाळली की कागद आक्रसतो. जन्मभर कापडं आटवलीस, एवढं कळू नये?"

"आटणं वेगळं आणि ओढ लागणं वेगळं. हा ओढ लागून फाटलाय. कडा बघ त्याच्या."

कडा बघायला लेथताई गेली नाही. मागच्या खोलीच्या दारात उभी राहून ती फडक्याने बोटं पुसत राहिली. बोटं आधीच स्वच्छ होती.

धाकटा भाऊ गळ्यात टेप अडकवून भिंतीशी उभा होता. त्याला सगळा रस्ता मास्तर म्हणायचा, कारण तो शिंपी होता. आणि हिला लेथताई म्हणायचा, कारण घराच्या मागच्या खोलीत लोखंड कातायचा स्वतःचा लेथ असलेली दुसरी बाई कुणी पाहिलेली नव्हती. दोघांनी साठी ओलांडली होती, दोघांनी लग्न केलं नव्हतं, आणि भांडण मात्र रोज ताजं करायची त्यांची सवय होती. घराची वाटणीही भांडूनच झालेली. पुढची खोली कापडाची, मागची लोखंडाची. कापड मागे जायचं नाही, तेल पुढे यायचं नाही. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर एकदा लोखंडाचा कीस सापडला होता, त्यानंतर मास्तरांनी मागच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवायचे आणि कप वाजवायचे.

"भाची काय म्हणते माहितीये ना?" मास्तर म्हणाले.

"पाठ आहे."

पाठ होतंच. धाकट्या बहिणीमागे तिची ही मुलगी याच घरात, याच दोघांच्या ओरडण्यात वाढली होती. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि दर भेटीत तेच सांगायची. मामाचं शिलाई मशीन खिडकीशी बसेल, उजेड भरपूर. मावशीला गॅलरी. कुंड्या लाव मावशी, खुर्ची टाकून बस, आता पुरे झालं. लेथचं काय, असं मावशीने एकदाच विचारलं. भाचीने मान खाली घातली. जिना अरुंद, लिफ्ट माणसांपुरती, आणि बीडाचं ते धूड वर चढवायला इमारतीतली माणसं परवानगी देणार नाहीत. म्हणजे घर सुटलं की लेथ सुटला. लेथताईच्या डोक्यात त्या दिवसापासून एवढंच राहिलं होतं.

"मी माणूस बोलावलाय बघायला," मास्तर म्हणाले. "दुपारी येतोय."

"कुठला माणूस?"

"तुझाच. इंजिनवाले."

तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि आत जाऊन दार लोटलं. दार अलगद, कुरकुर न करता लागलं. लागणारच. त्याच्या बिजागऱ्यांच्या पिना तिने गेल्या उन्हाळ्यात लेथवर नव्याने कातल्या होत्या, खालची पिन वरच्यापेक्षा जरा वेगळी.

मागच्या खोलीत दुपारचा उजेड एकाच खिडकीतून यायचा, तिरका, आणि लेथच्या अंगावर आडवा व्हायचा. त्या उजेडात तेलाचा वासही दिसतो असं तिला वाटायचं. ती स्टुलावर बसली. बसलं की तिचं मन पाण्यावर पडलेल्या पानासारखं निघून जायचं, कुठल्या काठाला लागेल याचा भरवसा नसे.

आज ते तिच्या जुन्या कारखान्याला लागलं. तिथे शिवणयंत्रांचे भाग बनायचे, आणि ती तपासणीच्या टेबलावर होती. एका हातात गेज, दुसऱ्या हातात दांडा. गेजच्या एका तोंडात दांडा गेला पाहिजे, दुसऱ्या तोंडात जाता कामा नये. दिवसभर तेवढंच: जातो, जात नाही, जातो, जात नाही. लेथवरचे टर्नर तिला चिडवायचे. नापास करायला काय लागतं, म्हणायचे, हात कुठे काळे होतात? एके दिवशी ती उठली आणि म्हाताऱ्या टर्नरसमोर जाऊन उभी राहिली, म्हणाली, करा मग माझे हात काळे. त्याने तिला मशीनला हात लावू दिला नाही. डोळे मीट, म्हणाला, आणि नुसतं ऐक. चांगला कट लागला की नवं सुती कापड सरळ फाडल्यासारखा आवाज येतो. टूल बोथट असलं की मांजर दाराबाहेर राहिल्यासारखं ओरडतं. हे ऐकून तिला हसू आलं होतं, कारण कापड फाडल्याचा आवाज ती घरी भावाकडे रोज ऐकत होती. जी भाषा शिकायला आलो ती आपल्याला येतेच, असं तिला त्या दिवशी वाटलं.

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा कुणी पंखे नेले, कुणी टेबलं, कुणी साहेबांची फिरती खुर्ची. तिने ओळीतला सगळ्यात लहान, सगळ्यात जुना लेथ मागितला. तो टेम्पोत चढेना, म्हणून पाइपांवरून ढकलत आणला. मागचा पाइप मोकळा झाला की उचलायचा, पुढे नेऊन ठेवायचा. संध्याकाळ होती. खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती, आणि काळंभोर ते मशीन रस्त्यावरून इतकं सावकाश, इतकं गुळगुळीत येत होतं की ते जागच्या जागी उभं आहे आणि रस्ताच त्याच्याखालून वाहत चाललाय असं तिला वाटलं. मास्तर पुढे चालत होते, टेप फडकवत, वरातीत चालावं तसे. दार अरुंद पडलं तर चौकट काढायचा हुकूमही त्यांनीच दिला होता.

मग तिच्याकडे माणसं सल्ल्याला यायला लागली. कुणाकडे गॅरेजमध्ये लहानसं मशीन, कुणाकडे जिन्याखाली, कुणाकडे तर पलंगाच्या उशाशी. सगळे आपापल्या घरात चोरून लोखंड कापणारे, आणि सगळ्यांच्या तक्रारी सारख्या. ती बसल्या जागेवरून सांगायची. टूलची धार कामाच्या बरोब्बर मध्यावर आहे का, बघितलंत? पोलादी पट्टी टूल आणि गजाच्या मध्ये हलकेच दाबा. उभी राहिली तर बरोबर, कलली तर टूल वर नाही तर खाली. घाबरत घाबरत कट घेऊ नका, घाबरलेलं टूल कापत नाही, घासतं. पितळ कोरडं कापा आणि त्याला धारदार नाक दाखवू नका, ते टूल आत ओढून घेतं. आटे पाडताना अर्धा फेरा मागे या, लोखंडालाही श्वास घेऊ द्या. बायकोच्या चांगल्या टॉवेलने मशीन पुसू नका, त्याने मशीनला काही होत नाही पण तुम्हाला होतं.

इंजिनवाले या सगळ्यांत जुने. दिवसा ते गावातली घरं राहण्याजोगी आहेत की नाहीत हे तपासत फिरायचे, ती त्यांची नोकरी. आणि घरी गॅलरीत तळहाताएवढं वाफेचं इंजिन बनवत बसायचे, तो त्यांचा संसार. ते पहिल्यांदा आले ते रडकुंडीला येऊन. लेथ वाकडा कापतो, म्हणाले, दांडा एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक. लेथताईने त्यांना सांगितलं होतं: मशीनला शिव्या देण्याआधी त्याच्या पायाकडे बघा. जाड गज चकमध्ये, म्हणजे त्या फिरत्या जबड्यांत धरा, दुसरं टोक मोकळं सोडा. गजाच्या दोन्ही टोकांना एकेक कडं, म्हणजे जाडसर पट्टा राखा, एकाच सेटिंगमध्ये दोन्हींवरून बारीक कट घ्या आणि मोजा. बाहेरचं कडं जाड भरलं तर मशीनला पीळ पडलाय, कारण जमीन त्या बाजूला खाली गेलीये. त्या टोकाच्या पुढच्या पायाखाली पातळ पत्रा सारा, त्याला शिम म्हणतात. पुन्हा कापा, पुन्हा मोजा. तुमचा लेथ सरळ आहे हो, जमीन वाकडी आहे. इंजिनवाल्यांनी घरी जाऊन तसंच केलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पाया पडायला आले.

हेच ती स्वतःही करत होती. कितीतरी वर्षं.

पहिल्यांदा पातळसा पितळी पत्रा. तो सारला आणि दोन्ही कडी सारखी भरली. मग काही महिन्यांनी आणखी एक, बिस्किटांच्या डब्याचा. मग बूटपॉलिशच्या डबीचं झाकण कापून. खिडकीकडचा कोपरा पावसाळ्यानंतर थोडा आणि उन्हाळ्यात थोडा असा उतरत होता, आणि उतरला की ती एक पत्रा सारायची. बाहेरून काही दिसायचं नाही, फरशी मुळातच ओबडधोबड, आणि पायाभोवती तिने लाकडी फळ्या टाकल्या होत्या. पुढच्या खोलीत मास्तरांचं कपाट आपोआप उघडायला लागलं तेव्हा तिने नव्या पिना बसवल्या. त्यांचं कटिंगचं टेबल डुगडुगलं तेव्हा एका पायाला पितळी टोपण करून दिलं, इतकं देखणं की मास्तर गिऱ्हाइकांना वाकवून वाकवून ते दाखवायचे. शिलाई मशीनखाली तिने एक चकती दिली. घर एका अंगावर कलत होतं आणि ती त्याच्या आतली प्रत्येक वस्तू हळूच सरळ करत होती. मास्तर सरळ टेबलावर सरळ रेघ मारत होते, आणि त्यांना भिंतीवरची भेग सोडून काहीच वाकडं दिसत नव्हतं.

इथे पूर्वी तळं होतं असं जुनी माणसं सांगत. ते बुजवून वर घरांची ओळ उभी केली. दुपारी स्टुलावर डुलकी लागली की लेथताईला फळ्यांखाली ते पाणी ऐकू यायचं. संथ, हिरवं, रागावलेलं मुळीच नाही. लेथ त्यात होडीसारखा एका टोकाने कललेला, चक सावकाश फिरतंय, आणि टूलवरून सुटलेली लोखंडाची निळसर वेटोळी मासोळ्यांसारखी पाण्यात उतरताहेत. स्वप्नात तिला भीती वाटायची नाही. होडी कलली की वजन दुसऱ्या बाजूला सरकवायचं, इतकं साधं वाटायचं ते.

भीती वाटली ती आज सकाळी. तिने पत्रा सारला, कडी मोजली, सारखी भरली. चहा पिऊन आली आणि उगाच पुन्हा मोजावं म्हणून कट घेतला, तर बाहेरचं कडं जाड. आजवर घराने हे महिन्यांत केलं होतं, आज एका चहात केलं. तिने आणखी एक पत्रा सारला, नट आवळला, आणि पुढच्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला, कागद फाटलाय, ताई.

कप वाजला. इंजिनवाले आले होते.

ते भेग बघायला आले होते, पण त्यांचा जीव मागच्या खोलीत. हातातल्या पिशवीतून त्यांनी पाणसळ काढली, लांब पट्टी, मधे काचेच्या नळीत हिरवट पाणी आणि एक बुडबुडा. पुढच्या खोलीत त्यांनी ती फरशीवर इथेतिथे टेकवून पाहिली आणि वैतागले. प्रत्येक फरशीचं तोंड वेगळ्या दिशेला, म्हणाले, यावरून काय कळणार. टेबल बघितलं, ते सरळ. कपाट बघितलं, ते सरळ. भेगेवरून त्यांनी नख फिरवलं, वरून खाली, आणि तोंडाने नुसता आवाज केला.

मग ते मागच्या खोलीत शिरले, मास्तर उंबऱ्यापर्यंत आले आणि सवयीने तिथेच थांबले.

"लेथताई," इंजिनवाले म्हणाले, "या घरात एकच वस्तू आहे जिच्यावर मी डोळे मिटून पाणसळ ठेवीन."

त्यांनी लेथचा बेड, त्याची ती लांब सपाट पाठ, स्वतःच्या रुमालाने पुसली. पट्टी आधी आडवी ठेवली, मग उभी. तिघेही बुडबुड्याकडे बघत राहिले. तो जरासा इकडे गेला, जरासा तिकडे गेला, आणि दोन रेघांच्या मधोमध येऊन असा थांबला की जणू तिथेच जन्मला होता.

"अलीकडे टेपर पडतोय का?" त्यांनी विचारलं. "बाहेरचं टोक जाड वगैरे?"

लेथताईने मायक्रोमीटर उचलला आणि परत खाली ठेवला. "दोन्ही कडी सारखी भरताहेत," ती म्हणाली. ते खरंही होतं.

इंजिनवाले खुशीत आले. मास्तरांना समजावून सांगू लागले की जमीन हलली तर माणसाच्या आधी लेथला कळतं, हे मला यांनीच शिकवलंय. लेथ बोलत नाहीये म्हणजे जमीन जागेवर आहे. भेग गिलाव्याची असणार. गिलावा खरवडून नवा करून घ्या आणि निवांत झोपा. मग त्यांनी खिशातून आपल्या इंजिनाचा दट्ट्या काढला, नखाएवढा, आणि तो आत अडकतोय कशाने ते विचारलं. लेथताईने काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही. पाणसळ पिशवीत गेली, मास्तरांनी आग्रह करूनही त्यांनी चहा घेतला नाही, आणखी घरं बघायची आहेत म्हणाले, आणि दाराशी सायकलची साखळी खडखडली. उतरलेली साखळी चढवायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा.

मास्तर अजून उंबऱ्यावरच होते.

"चुकलो बाबा मी," ते म्हणाले. "म्हातारा झालो, कागदाला घाबरलो. भाचीला कळवतो, येत नाही म्हणून. तुझंही डोकं खाल्लं उगाच."

 लेथताईला हवं ते सगळं मिळालं होतं. खिडकीतला उजेड लेथच्या अंगावरून एक बोट पुढे सरकला होता, चकच्या जबड्यांत धरलेला गज चमकत होता, आणि तिला वाटलं की आता स्टुलावर बसावं, डोळे मिटावेत, पाण्याचा आवाज ऐकावा.

त्याऐवजी तिला दुसराच आवाज आला, काहीतरी फरशीवरून ओढत नेल्याचा. तिने दारातून पाहिलं. भेग वाढल्यापासून मास्तर दुपारची पथारी ओट्यावर टाकत होते, आत झोपायचे नाहीत. आता ती त्यांनी उचलून आणली होती. भिंतीशी, नेमक्या त्या कोपऱ्यात, फाटक्या कागदाच्या खाली ते गादी पसरत होते. चादरीची सुरकुती त्यांनी हाताने काढली, कापडाची काढतात तशी. उशी ठेवली. गळ्यातला टेप काढून उशाशी गुंडाळून ठेवला. मग गुडघ्यावर हात देऊन, एक उसासा सोडून ते आडवे झाले, आणि वर भेगेकडे बघत, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, स्वतःशीच हसले.

लेथताई मागे वळली. पाना घेतला आणि लेथच्या खिडकीकडच्या पायाशी गुडघे टेकले. फळी उचलून बाजूला केली. नट घट्ट होता, सकाळी तिनेच आवळलेला. तो सुटताना ओरडला. कांबीने तिने पाय जरासा उचलला आणि पत्रे ओढून काढले. एक, मग दुसरा, मग तेलाने एकमेकांना चिकटलेले सगळे एकदम. कांब सोडल्यावर लेथ खाली बसला आणि चकमधला गज एकदा थरथरला.

"धाकट्या," तिने हाक मारली. "आत ये."

"आत?"

"ये."

मास्तर उठले. उंबऱ्याशी त्यांचा पाय अडला, मग पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत आल्यामुळे ते वस्तूंना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभे राहिले.  तिने पत्र्यांची ती चवड त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती आधी नुसती धरली. मग अंगठा आणि बोट यांच्या मधे घेऊन चाचपली, कापडाचा पोत बघतात तशी, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. करंगळीएवढी जाड भरत होती. बिस्किटांच्या डब्यावरचं फूल दिसत होतं, बूटपॉलिशच्या झाकणावरची अर्धी अक्षरं, आणि सगळ्यात वरचा पत्रा इतका नवा की त्याची कड अजून बोचत होती. त्यांनी तो बाजूला केला, खालचा पाहिला, त्याच्या खालचा. मग लेथच्या मोकळ्या झालेल्या पायाकडे पाहिलं, दाराच्या बिजागरीकडे, आणि तिथून दिसणाऱ्या आपल्या कटिंगच्या टेबलाकडे, त्याच्या पायाच्या पितळी टोपणाकडे. त्यांचा चेहरा रागावला नाही. जन्मभर ज्या मापाने कपडे शिवले ते मापच चुकीचं होतं असं कुणी सांगितल्यावर व्हावा तसा झाला.

"म्हणजे इंजिनवाल्यांची पाणसळ..."

"माझ्या पत्र्यांवर ठेवली होती ती."

पुढच्या खोलीत गादीवरून टेप घरंगळला आणि फरशीवरून जात राहिला.

"ताई," मास्तर म्हणाले. आवाज अगदी हलका होता, बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तसा. "तुला कधीपासून माहीत होतं?"

तिने पाना खाली ठेवला. फडकं शोधलं, मिळालं नाही, तेव्हा हात तसेच साडीला पुसले. मास्तरांच्या अंगावरून, कापडाच्या खोलीतून, पायांचे तेलकट ठसे उमटवत ती बाहेरच्या दारापर्यंत गेली. रस्त्याच्या वळणावर पुन्हा उतरलेली साखळी चढवून इंजिनवाल्यांनी एक पाय पेडलवर ठेवला होता. लेथताईने चपला घातल्या नाहीत. ती ओटा उतरली आणि त्यांना थांबवायला त्या दिशेने भराभर चालायला लागली.